दोन सीसीचं डिझेल

घरी बनवलेल्या दोन सीसीच्या डिझेल इंजिनाच्या पिस्टनची परीक्षा अशी. लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी, स्वच्छ पुसायचा, पिस्टनला पातळ तेलाचा हात फिरवायचा, तो खालच्या तोंडातून आत घालायचा. वरच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबायचा आणि पिस्टन पोर्टच्या, म्हणजे लायनरच्या अंगातल्या भोकांच्या, वर ढकलून सोडून द्यायचा. आत कोंडलेल्या हवेनं तो उसळून परत खाली आला तर काम जमलं. जागच्या जागी बसून राहिला आणि कडेनं तेलाचे बारीक बुडबुडे आले, तर पिस्टन भंगारात. माझे असे दोन भंगारात गेले. टीव्हीखालच्या फळीवर ठेवलेत, पाहुण्यांची मुलं त्यांना बुद्धिबळातली प्यादी समजतात.

तिसरा उसळला. तो उसळेपर्यंत दिवाळीनंतर सुरू केलेलं काम एप्रिलपर्यंत आलं होतं.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. लेथ, म्हणजे धातू फिरवत कापून आकार द्यायचं यंत्र, मला कर्जाच्या प्रकरणांतून ठाऊक होतं. उद्यमनगरातल्या, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, कितीतरी लेथ बँकेला तारण होत्या. स्वतःच्या हातानं टर्निंग केलं ते साठीनंतर. कोल्हापुरात घराच्या मागच्या पडवीत एक छोटी चिनी लेथ बसवली, साडेतीनशे मिलिमीटर लांबीपर्यंतचं काम धरणारी. पहिलं वर्ष बुश, वॉशर, शेजाऱ्यांच्या मिक्सरचे कपलिंग असल्या गोष्टींत गेलं. मग डोक्यात जुना किडा वळवळला.

पुण्यात कॉलेजात असताना मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो. तिथे दोन तारांवर गोल फिरवायची विमानं असायची आणि त्यांच्या नाकावर कोलकात्यात बनलेलं, जुन्या इंग्लिश ‘मिल्स’ इंजिनाच्या नमुन्यावरचं चिमुकलं इंजिन. त्याला प्लग नाही, बॅटरी नाही, वायर नाही. बोटानं पंखा झटकायचा, वरची आडवी दांडी थोडी पिळायची, की ते कानठळ्या बसवत सुटायचं. एरंडेल आणि इथरचा तो वास गणवेशाला आठवडाभर राहायचा. हे आतून कसं पेटतं, असं विचारलं तर सर म्हणायचे, ‘डिझेल आहे ते.’ आमच्या गावाकडे विहिरीवर किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. आतला दाब सोडणारा डी-कॉम्प्रेशनचा खटका उचलून वडील हँडल मारायचे आणि फ्लायव्हीलनं वेग धरला की खटका सोडायचे. ते डिझेल आणि हे मुठीत मावणारं इंजिन, दोघांचं नातं मला तेव्हा पटलं नव्हतं.

आता स्वतः करायला घेताना पहिला प्रश्न तोच आला. खऱ्या डिझेलमध्ये नुसती हवा दाबतात, ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत पंपानं डिझेलचा फवारा मारतात. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली ऑग्सबर्गला चालवून दाखवलेल्या इंजिनात फवारा मारायला दाबलेली हवा वापरली होती, पुढे ते काम पंपाकडे आलं. मला तसंच करायचं होतं, इंजेक्टर आणि पंपासकट. एका रविवारी हिशेब मांडला आणि सगळी हौस फिटली.

दोन सीसीच्या सिलिंडरमध्ये हवा मावते साधारण २.४ मिलिग्रॅम. तेवढ्या हवेत पुरतं जळेल असं डिझेल फार तर ०.१६ मिलिग्रॅम, म्हणजे एक घन मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. मोहरीच्या दाण्याहूनही किती तरी लहान. पंपाचा प्लंजर अगदी २ मिलिमीटर जाडीचा केला, तरी त्याला एका फेरीत ०.०६ मिलिमीटर सरकायचं. आणि हे दर वेळी बरोब्बर तेवढंच, गळती न होता, शेकडो वातावरणांच्या दाबावर. जगात असे वेडे आहेत ज्यांनी हेही केलंय. माझ्या हातात ती कला नाही आणि ती यायला जेवढी वर्षं लागतील तेवढी माझ्याकडे उरलेली नाहीत.

म्हणून एनसीसीवाल्या इंजिनाचीच वाट धरली. यात इंधन आणि हवा आधीच मिसळून आत जातात, पण पेट घेतात ते नुसत्या दाबानं. इंधन म्हणजे इथर, रॉकेल आणि एरंडेल. इथर साधारण १६० अंशांना आपोआप पेटतं, रॉकेलला दोनशेच्या वर लागतात. इथरनं काडी लावायची, रॉकेलनं ताकद द्यायची, एरंडेलानं वंगण करायचं, अशी कामाची वाटणी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वित्झर्लंडमध्ये ‘डायनो’ नावाची अशी इंजिनं विकली जात होती, आणि १९४६ मध्ये इंग्लंडात मिल्सचं १.३ सीसीचं आलं. काटेकोर माणसं याला डिझेल म्हणू देत नाहीत. मी म्हणतो. ठिणगीशिवाय पेटतं ना, झालं तर.

मापं अशी ठरवली: बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, १४ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १३. व्यासावरून क्षेत्रफळ काढून धावेनं गुणलं की बरोबर दोन सीसी येतात. साइड पोर्टची जुनी पद्धत घेतली. यात हवा आत घ्यायचं भोक पिस्टनच्या खालच्या कडेनंच उघडतं आणि मिटतं. वेगळा व्हॉल्व्ह नाही, क्रँकमध्ये (पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणाऱ्या दांड्यात) लांब पोकळी पाडायची भानगड नाही. वेग थोडा कमी मिळतो, पण चालू करायला ही गुणी असतात असं ऐकून होतो.

क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात बसतो तो इंजिनाचा डबा, एचई-३० जातीच्या ॲल्युमिनियमच्या चौकोनी ठोकळ्यातून काढली. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, इतकंच की पहिली वाया गेली. लायनरचं भोक आणि क्रँकचं भोक एकमेकांना काटकोनात हवं. माझ्या पहिल्या केसमध्ये ते डोळ्याला काटकोनात दिसत होतं. गुळगुळीत घासलेली सळई भोकात घालून तिच्यावर डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक, फिरवली तेव्हा काटा हलला. एवढ्याशा तिरकेपणानंही पिस्टन एका बाजूनं घासत राहतो. दुसरी केस करताना ठोकळा लेथच्या चकमध्ये, म्हणजे चार जबड्यांच्या पकडीत, लावायलाच एक अख्खा दिवस घेतला.

क्रँक ईएन-२४ पोलादाच्या २५ मिलिमीटर सळईतून एकसंध. जर्नल, म्हणजे केसमध्ये फिरणारा भाग, ७ मिलिमीटरचं; पिन ४ ची, मध्यापासून साडेसहा बाजूला. पिन टर्न करायला जॉब साडेसहानं सरकवायचा म्हणजे डायलवर काटा १३ मिलिमीटर हलणार, आणि माझ्या डायलची धाव दहाचीच आहे हे जॉब लावल्यावर कळलं. मग एका ठोकळ्यात साडेसहा बाजूला भोक पाडलं आणि त्यात जर्नल आवळून पिन काढली. टूल प्रत्येक फेरीत एकदाच लागतं, खट्‌ खट्‌ खट्‌ असा आवाज सुरू झाला की हिला बाहेरून वाटायचं काहीतरी तुटतंय.

खरं इंजिन म्हणजे पिस्टन आणि लायनर. बाकीचं सगळं त्यांना धरून ठेवायला असतं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी क्रँककेसला पॉलिश करण्यात आठ दिवस घालवले नसते.

या इंजिनात पिस्टनला हवा अडवणाऱ्या रिंगा नसतात. एवढ्या लहान मापात रिंग करता येते, पण तिच्या तोंडातून होणारी गळतीच सिलिंडरच्या मानानं मोठी. विहिरीवरच्या त्या इंजिनाचा सिलिंडर साडेपाचशे सीसीचा होता. त्यातून थोडी हवा निसटली तर काही बिघडत नाही. दोन सीसीतून तेवढीच निसटली तर आत उरतंच काय? म्हणून पिस्टनचीच बसणी इतकी जवळची लागते की दोघांमध्ये तेलाच्या पापुद्र्यापुरतीच जागा राहावी, दोन-तीन मायक्रॉन. केसाची जाडी साठ-सत्तर धरा. शिवाय लायनर वरच्या बाजूला किंचित निमुळता हवा. पोर्टपाशी पिस्टन सहज सरकावा आणि माथ्याशी जाता जाता दाटत जावा.

लायनरला ईएन-१ए, शिसं घातलेलं, सहज कापलं जाणारं पोलाद. हार्ड करायची गरज नाही, बिडाचा पिस्टन त्यात छान चालतो. आणि पिस्टनला बीड. गावाकडे चुलत्यांच्या गुऱ्हाळात एका फुटक्या फ्लायव्हीलचा तुकडा पडला होता. मला वाटलं, ऊस गाळलेल्या चाकातून पिस्टन निघतोय, याहून काय चांगलं? भावनेपोटी केलेलं टर्निंग. लॅपिंग, म्हणजे बारीक पेस्टनं घासून माप आणणं, झाल्यावर भिंगातून बघितलं तर सगळ्या अंगावर मुंग्यांनी खाल्ल्यासारखी बारीक भोकं. जाड ओतकामाचं बीड हळूहळू थंड होतं, त्याचा दाणा जाड, ग्रॅफाइटचे पदर मोठे. मोठ्या चाकाला ते चालतं. तो पिस्टन म्हणजे फळीवरचं पहिलं प्यादं. मग मुकाट उद्यमनगरात जाऊन कंटिन्युअस कास्ट, म्हणजे सलग ओतलेल्या बिडाची अंगठ्याएवढी सळई आणली.

तिथे एका जुन्या वर्कशॉपचे मिस्त्री माझ्या ओळखीचे. बँकेत असताना त्यांच्या मालकाचं खातं माझ्याकडे होतं. मिस्त्रींचं शिक्षण चौथीपर्यंत, बोटांना मायक्रॉन कळतात. मी लायनर आणि दुसरा पिस्टन घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा तक्रार अशी होती की आदल्या रात्री अचूक बसलेला पिस्टन सकाळी सैल झालाय. त्यांनी दोन्ही जिन्नस हातात घेतले नाहीत, नुसते बघितले.

‘लॅप मारताना पिस्टन हातात किती येळ धरला हुता?’

‘अर्धा तास असेल.’

‘मग तुमच्या हाताच्या उबेनं फुगला की त्यो. फुगल्याला घासलासा, गार झाल्यावर ल्हान झाला. टेबलावर ठेवायचा, च्या प्यायचा, मग घालून बघायचा.’

घरी येऊन हिशेब केला. १४ मिलिमीटरचा गोल दहा अंशांनी तापला तर दीड मायक्रॉनच्या आसपास फुगतो. माझी सगळी बसणीच दोन-तीन मायक्रॉनची. म्हणजे मी अर्धी बसणी हाताच्या उबेवर घासून टाकली होती. फळीवरचं दुसरं प्यादं ते हे.

तिसऱ्या वेळी नेम केला. दहा फेऱ्या लॅप, मग दोन्ही भाग रॉकेलनं धुऊन जुन्या फरशीच्या तुकड्यावर वीस मिनिटं ठेवायचे. त्या वीस मिनिटांत मी पेपर वाचायचो, झाडांना पाणी घालायचो, एकदा तर दळण टाकून आलो. लायनरचा लॅप, म्हणजे घासायचं हत्यार, ॲल्युमिनियमचा, मध्ये चीर दिलेला आणि निमुळत्या स्क्रूनं फुगवता येणारा. पिस्टनचा लॅप म्हणजे पितळेची कडी, स्क्रूनं आवळायची. सुरुवातीला गॅरेजमधली व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट वापरली होती. ती चूक. ती इतकी जाड की तिचे कण बिडात रुतून बसतात आणि मग पिस्टन स्वतःच लायनरला घासणारा लॅप होतो. बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइड तेलात कालवून घेतलं आणि शेवटचा हात ब्रासोचा, ज्यानं ही समई घासते. डबी एकच, त्यामुळे थोडे वाद झाले.

माथ्याकडे दाटपणा येतो तो बघून कळत नाही, ऐकून कळतो. कोरडा पिस्टन वर ढकलताना पोर्टच्या पुढे तो बारीक किरकिरतो, नव्या चपलेसारखा. किरकिर लवकर सुरू झाली तर अजून लॅप, फार उशिरा झाली तर गेलाच. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती योग्य जागी सुरू झाली. तेल लावलं, अंगठा दाबला, ढकलला. पिस्टन उसळून तळहातावर आला. मी तीन-चार वेळा करून बघितलं, मग हिला बोलावून करून दाखवलं. तिनं विचारलं, ‘म्हणजे चालू झालं?’

नव्हतं. त्याच लायनरमध्ये वरून दुसरा एक पिस्टन बसतो, काँट्रापिस्टन. तो फिरत नाही, पळत नाही. सिलिंडरचं छत म्हणून बसून राहतो. आडव्या दांडीचा स्क्रू पिळला की तो खाली सरकतो आणि दाब वाढतो. स्क्रू सैल केला की आतल्या स्फोटांच्या दाबानंच तो वर यायला हवा. म्हणजे हवा सुटणार नाही इतका घट्ट आणि ढकलला जाईल इतका सैल. माझा पहिला खाली गेला तो तिथेच बसला. हेड उघडून लाकडी दांडक्यानं खालून ठोकून काढला, चार फेऱ्या लॅप मारला, पुन्हा बसवला. दोन दिवसांत जमलं. पिस्टनच्या मानानं हा सुस्वभावी.

इंधन मिसळायला मे महिना निवडला, याला अक्कल म्हणत नाहीत. इथर उकळतं ३४.६ अंशांना. त्या दुपारी पडवीत ३८ होते. प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून इथर आणताना अर्ज, ओळखपत्र, कशासाठी हवंय वगैरे सगळं झालं आणि ते योग्यच होतं. तपकिरी बाटलीचं झाकण उघडलं तर फुस्स करून अर्धा वास घरभर. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते, आणि आमच्या देवघरात निरांजन तेवत होतं. मी बाटली बंद करून धावत जाऊन ते विझवलं. हिनं एवढंच म्हटलं, ‘हे गच्चीवर.’ तेव्हापासून इंधनाचं सगळं काम गच्चीवर, पहाटे साडेपाचला, आजूबाजूला कुणाची विडीसुद्धा नाही हे बघून. उरलेलं इथर वर्षानुवर्षं जपून ठेवायचं नसतं. हवा आणि उजेड लागून त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतं. लागेल तेवढंच आणायचं आणि संपवायचं.

प्रमाण जुनं आणि सोपं घेतलं, तिन्ही सारखे. एरंडेल लक्ष्मीपुरीतल्या तेलाच्या दुकानातून, औषधी, काहीही न मिसळलेलं. रॉकेल मिळवायला मात्र नाकी नऊ आले. रेशनवरचं निळं रॉकेल बंद झाल्यापासून ते कुणाकडे मागायचं हेच कळेना. शेवटी मामेभावानं गावाकडून एक लिटर दिलं, कंदिलासाठी ठेवलेलं.

आणि त्या मेच्या दुपारी पहिल्यांदा मिसळलेलं इंधन संध्याकाळी बघितलं, तर बाटलीत दोन थर. खाली पिवळसर एरंडेल, वर रॉकेल, मध्ये ताकासारखा गढूळ पट्टा. एरंडेल आणि रॉकेल एकमेकांत मिसळतच नाहीत, त्यांना जोडून ठेवतं ते इथर. माझं इथर झाकणाच्या फटीतून उडून गेलं होतं. त्यानंतर पहाटे, आधी एरंडेलात इथर घालून हलवायचं, मग रॉकेल, आणि बूच घट्ट. पाण्यासारखं नितळ राहिलं तर वापरायचं. गढूळ झालं तर इथर गेलं समजायचं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि लायनरवर माझ्या अंगठ्याचा ठसा गंजानं उमटला. कोल्हापूरच्या पावसात उघडं लोखंड एक रात्रही सोडू नये हे मला कळायला हवं होतं. नशिबानं ठसा बाहेरच्या अंगावर. तेव्हापासून सगळे भाग लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तेलात बुडवून.

जुलैच्या पहिल्या रविवारी सगळं जोडलं. इंजिन लाकडी ठोकळ्यावर, ठोकळा व्हाइसमध्ये. ९ बाय ४ इंचांचा लाकडी पंखा. टाकी म्हणून होमिओपॅथीची काचेची बाटली. बॅकप्लेटचं, म्हणजे क्रँककेसच्या मागच्या झाकणाचं, गॅस्केट भाचीच्या लग्नपत्रिकेतल्या बटर पेपरचं, जोडप्याच्या नावांसकट. नळी मत्स्यालयाच्या दुकानातली सिलिकॉनची घातली. ती अर्ध्या तासात फुगून दीडपट झाली आणि निप्पलवरून गळून पडली. रॉकेल सिलिकॉनला असंच करतं. मग निओप्रिनची आणली.

त्या दिवशी किती वेळा पंखा झटकला ते मोजायचं मी दोनशेनंतर सोडलं. पोर्टमधून पिस्टनवर दोन थेंब इंधन, झटका. काही नाही. दांडी पाव फेरा आत, झटका. काही नाही. अजून पाव. अचानक पंखा उलटा फिरून बोटावर बसला. नख काळं-निळं. हिनं बर्फ दिला आणि जुन्या बागेच्या पाइपचा तुकडा लाकडी दांड्यावर चढवून हातात दिला, ‘यानं फिरवा.’

बोटाला बर्फ लावून बसलो असताना दांडीचा हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. स्ट्रोक १३. सोळास एक दाब हवा, म्हणजे हवा सोळाव्या हिश्शाच्या जागेत कोंडायची, तर पिस्टन माथ्यावर असताना वरची मोकळी जागा ०.८७ मिलिमीटर राहायला हवी. माझा दांडीचा स्क्रू एम-५, एका फेऱ्यात ०.८ सरकणारा. पाव फेरा म्हणजे ०.२. म्हणजे एका पाव फेऱ्यात दाब सोळावरून वीसवर. मी पाव-पाव फेरा पिळत होतो! सोळास एक दाबानं कागदावर हवा सहाशे अंशांच्या वर तापते, पण हातानं झटकताना पंखा हळू फिरतो, वेळ मिळतो आणि उष्णता थंड भिंतीत निघून जाते. म्हणून थोडा जास्त दाब लागतो खरा, पण तो फेऱ्याच्या सोळाव्या हिश्शानं वाढवायचा, पाव फेऱ्यानं नव्हे. दांडीवर पंचिंगनं एक खूण ठोकली.

एक मोडतोडही झाली. उत्साहात चार-पाच थेंब जास्त घातले. द्रव दाबला जात नाही, पंखा माथ्याशी अडला आणि मी जोर लावला. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला. ड्युरलचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, होता, संध्याकाळपर्यंत दुसरा केला.

पुढच्या दोन संध्याकाळी ते खोकायला लागलं. फट्‌-फट्‌-फर्रर, दोन सेकंद, मग शांत. थेंब घातले की पुन्हा तेवढंच. म्हणजे घातलेलं इंधन पेटतंय, टाकीतून मात्र येत नाही. इंधन कमी-जास्त करायची नीडल उघडली, मिटली. गॅस्केट बदललं, दुसऱ्या पत्रिकेचं. क्रँककेसमध्ये फुंकर मारून साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. शेवटी नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक पंख्याच्या जागी अडकवला आणि पोर्ट किती अंश उघडं राहतं ते मोजलं. चित्रात ११० होते, इंजिनात ९०.

तिसरा पिस्टन करताना, दोन वाया गेल्याच्या धास्तीनं, मी तो खालून एक मिलिमीटर लांब ठेवला होता. असू दे, वाटलं तर कापता येईल. मग बसणीच्या आनंदात विसरलो. त्या एका मिलिमीटरनं पोर्ट उशिरा उघडत होतं आणि लवकर मिटत होतं. बिचारं श्वासच घेत नव्हतं. पिस्टन काढून मँड्रेलवर, म्हणजे लेथमधल्या दांड्यावर, चढवला, मिलिमीटर उतरवला, कडा मारल्या. एप्रिलमध्ये जमलेल्या बसणीला पुन्हा चकजवळ न्यायचं, हात थरथरत होते.

त्यानंतरच्या रविवारी बाहेर संततधार. सहाव्या झटक्याला ते सुटलं. पण हवा माझ्या अंगावर येण्याऐवजी पलीकडे भिंतीकडे जात होती. उलटं सुरू झालं होतं! साइड पोर्टला दिशा नसते, ते दोन्हीकडे सारखंच खुशीनं फिरतं. बोळा घालून बंद केलं आणि पुन्हा झटकलं. या वेळी सुलटं.

आधी ते अडखळत होतं, मधूनमधून एखादा ठोका गाळत. दांडी किंचित आत घेतली आणि ठोके जोडले जाऊन एकच सलग सूर झाला. अजून थोडी घेतली तर आवाज जड झाला, चढावर लागलेल्या ट्रकसारखा, म्हणून परत सोडली. दहा-पंधरा सेकंदांत ते तापलं तशी दांडी आणखी थोडी सैल करावी लागली, आणि काँट्रापिस्टन गुमान वर आला. एक्झॉस्टमधून एरंडेलाचा काळा फवारा भिंतीवर, माझ्या बनियनवर, लेथवर. तो वास. मी एनसीसीत अठरा वर्षांचा होतो तेव्हाचा. चाळीस सेकंदांनी बाटली संपली.

शेजारचे देशमुखकाका छत्री घेऊन आले, मिक्सर जळाला का विचारायला.

आता रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन रुळवणं, चालू आहे. अर्धा-अर्धा मिनिट, नीडल थोडी जास्त उघडून, दर वेळी पूर्ण गार होऊ देऊन. तेल आधी काळंकुट्ट यायचं, हळूहळू नितळ होत गेलं. फेरे मोजायच्या ऑप्टिकल टॅकोमीटरनं मोजलं तर मिनिटाला ६,४०० च्या आसपास फिरतंय, म्हणजे सेकंदाला शंभरावर स्फोट, एकाही ठिणगीशिवाय. खर्चाचा हिशेब ठेवलेला नाही. जन्मभर बँकेत हिशेब ठेवले, हा एक राहू दे.

गेल्या शनिवारी ते पिशवीत घालून उद्यमनगरात नेलं. मिस्त्रींनी हात पुसले आणि पंखा सावकाश एका बोटानं माथ्यापर्यंत नेऊन तिथेच धरला. दाब किती वेळ टिकतो ते बघत होते. बराच वेळ टिकला. मग चालू करून दाखवलं. आजूबाजूच्या लेथवरची पोरं जमली. बंद झाल्यावर मिस्त्रींनी पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

‘झ्याक झालंय. पानी किती काढतंय?’

मी म्हटलं, पंखा फिरतो की.

‘फिरतोय की. पर पानी?’

घरी येताना पितळेची सळई घेतली. छोट्या गिअर पंपाचं चित्र काढून झालंय, बारा दातांचे दोन गिअर. त्या मापाचे दात कापायचा मॉड्यूल कटर मात्र आणावा लागेल.